वहीतल्या चौदा राइड

वाचकाचं पत्र:

"नमस्कार ताई. आम्ही अमळनेरचे. मी शिवणकाम करते, हे एका दुकानात हिशेब लिहितात. मुलगा सहावीत, मुलगी पहिलीत. मुलाने दोन वर्षं धोशा लावला होता, म्हणून ३१ डिसेंबरला एका मोठ्या थीम पार्कला गेलो. त्या रात्रीचं तिकीट वेगळं आणि नेहमीपेक्षा महाग होतं, माणशी २,२०० रुपये. पाच जणांचे ११,००० झाले, प्रवास वेगळा. जाहिरातीत 'मर्यादित तिकिटं' लिहिलं होतं म्हणूनच ती रात्र धरली. वाटलं, पैसे जास्त गेले तरी पोरं मोकळेपणाने खेळतील. कार्यक्रम संध्याकाळी सहा ते रात्री एक. आत शिरायलाच सव्वा तास गेला. एका राइडच्या रांगेत एक तास चाळीस मिनिटं उभे होतो. सगळ्या रात्रीत दोन राइड झाल्या. दहा वाजता काउंटरवरचं जेवण संपलं. आतषबाजीच्या वेळी मुलीचा हात सुटला, ती वीस मिनिटांनी सापडली. सासूबाई रेलिंगला दाबल्या गेल्या, अजून छाती दुखते म्हणतात. परतीच्या गाडीत हे मुलाला म्हणाले, 'तुझ्या हट्टापायी झालं हे सगळं.' तेव्हापासून तो काही मागतच नाही. परवा वाढदिवसाला काय हवं विचारलं, तर 'काही नको' म्हणाला. सासूबाईंचं एकच पालुपद, 'जत्रामा फुकटनी गर्दी ऱ्हास, आठे पैसा दिसन लिधी.' (जत्रेत फुकटची गर्दी असते, इथे पैसे देऊन घेतली.) आमचं चुकलं का? पैसे परत मिळतात का? आणि पुन्हा जावं की नाही? जायच्या आधी मुलाने वहीत चौदा राइडची यादी केली होती. ती वही कपाटात तशीच पडली आहे."

ताई, पैशांचं नंतर बघू. आधी मुलाचं.

सहावीतलं पोर वाढदिवसाला "काही नको" म्हणतं, तेव्हा त्याने मनाशी काहीतरी पक्कं ठरवलेलं असतं. मी मागितलं म्हणून आजी दाबली गेली, बहीण हरवली, बाबांचे पैसे गेले. एवढ्या रात्रीचं ओझं त्याने एकट्याने डोक्यावर घेतलंय. तुमच्या यजमानांवर माझा राग नाही. हिशेब लिहिणाऱ्या माणसाच्या घरात अकरा हजार म्हणजे किती, ते मला माहीत आहे. पोटची पोर वीस मिनिटं दिसत नाही म्हटल्यावर बापाच्या पोटात कसा गोळा उठतो, तेही माहीत आहे. ती भीती गाडीत बसल्यावर राग होऊन बाहेर पडली. मुलाच्या कानावर मात्र रागच गेला. म्हणून ज्यांच्या तोंडून ते शब्द गेले, त्यांनीच ते परत घ्यायला हवेत. "बाबांना तसं म्हणायचं नव्हतं रे" असं आईने शंभरदा सांगितलं तरी पोर ते धरत नाही. यजमानांना हे वाचायला द्या. मग त्यांनी मुलाला जवळ बसवावं आणि म्हणावं, "मी घाबरलो होतो. तुझं काही चुकलं नव्हतं." का चुकलं नव्हतं, ते कागदावर आकडे मांडून दाखवावं. हिशेबातला माणूस आहे, त्यांना ते माझ्यापेक्षा छान जमेल.

गणित असं. समजा एका मोठ्या राइडमध्ये एका वेळी २४ माणसं बसतात. बसणं, पट्टे लावणं, फेरी, उतरणं मिळून ३ मिनिटं जातात. म्हणजे तासाला २० फेऱ्या आणि ४८० माणसं. तिकीट कितीही महाग असो, थर्टी फर्स्ट असो की साधा मंगळवार, हा आकडा वाढत नाही. आता रांगेच्या शेपटाला उभं राहिल्यावर तुमच्यापुढे ८०० माणसं असली, तर ८०० भागिले ४८०, म्हणजे एक तास चाळीस मिनिटं. तुम्ही पत्रात लिहिलेली वेळ नेमकी हीच आहे.

पुढे जाऊ. पार्कात अशा १२ राइड आहेत आणि सात तासांतला एक तास आतषबाजीत नि इतर गडबडीत गेला असं धरा. उरले सहा तास. १२ गुणिले ४८० गुणिले ६, झाल्या ३४,५६० जागा. आत ५,००० माणसं असती, तर प्रत्येकाच्या वाट्याला जवळजवळ सात राइड आल्या असत्या. १५,००० असली, तर दोन, कुणाला तीन. हे आकडे मी हिशेबापुरते धरलेत, ते त्या पार्कचे नाहीत. पण त्या रात्री तुमच्या वाट्याला दोनच का आल्या, हे मुलाला यातून कळेल. त्याने मागितलं म्हणून रांग लांबली नाही. पाच माणसांनी तेवढी रांग वाढत नसते. तिकिटं किती विकायची हे कुणीतरी ऑफिसात बसून ठरवलं होतं.

यात आणखी एक गोष्ट धरा. अशा ठिकाणी बऱ्याचदा जास्त पैशांचं "फास्ट" तिकीटही मिळतं. ते वापरणाऱ्यांसाठी ४८० पैकी २०० जागा बाजूला ठेवल्या, तर साध्या रांगेला २८० उरतात. मग तीच ८०० माणसांची रांग पावणेतीन तासांच्या पुढे जाते. राइड तीच, माणसंही तेवढीच. साध्या तिकिटवाल्याचा वेळ काढून दुसऱ्याला विकला जातो. गर्दीच्या रात्री हे तिकीट किती जणांना दिलं, हा प्रश्न म्हणूनच विचारण्यासारखा आहे.

तिकिटं जास्त का विकली जातात, त्याचं कारण फार खोल नाही. रोषणाई, गायक, आतषबाजी यांचा खर्च एकदाच होतो. पाच हजार माणसं आली काय नि पंधरा हजार आली काय, त्यात फार फरक पडत नाही. त्यानंतर विकलेलं प्रत्येक तिकीट जवळपास निव्वळ कमाई असते. तिथे हात आखडायला मालकाकडे स्वतःची शिस्त लागते, नाहीतर वर कुणी विचारणारं लागतं.

सणाच्या रात्रीचं वेगळं तिकीट ही चाल अमेरिकेत जुनी आहे. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या मॅजिक किंग्डममध्ये नाताळची अशी पार्टी १९८३ पासून होते. तिथली पद्धत सांगते, कारण ती कळली की आपल्याकडे कुठे बोट ठेवायचं ते समजतं. पार्टी संध्याकाळी सातला सुरू होऊन मध्यरात्री संपते. पार्टीचं तिकीट असलेल्यांना दुपारी चारपासून आत घेतात आणि मनगटावर पट्टी बांधतात. ज्यांच्याकडे फक्त दिवसाचं तिकीट आहे, त्यांना पार्टी सुरू होताना बाहेर पडावं लागतं. म्हणजे चार ते सात दिवसाची गर्दी आणि रात्रीची गर्दी, दोन्ही आतच. पट्ट्या बघून दिवसाच्या माणसांना बाहेर काढलं, तरच रात्रीच्या तिकिटाला अर्थ. तेवढी व्यवस्था नसली, तर "मर्यादित" हा शब्द जाहिरातीतच राहतो. तुमचा गेटवर सव्वा तास गेला, तो कदाचित त्याच गेटातून दिवसाची माणसं बाहेर पडत होती म्हणूनही असेल. कुणाच्या मनगटावर पट्टी होती का, आत कुणी ती तपासत होतं का, हे घरात सगळ्यांना विचारून आठवा आणि लिहून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

गर्दी बनावट तिकिटांनीही वाढते, आणि तो प्रकारही जुना आहे. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १७ जुलै १९५५ला उघडलं, तो दिवस फक्त निमंत्रितांचा होता. लोकांनी खोटी तिकिटं छापली आणि बोलावलेल्यांच्या जवळपास दुप्पट, २८,००० च्या आसपास माणसं आत शिरली. उकाडा भयंकर होता. नव्याने ओतलेल्या डांबरात बायकांच्या टाचा रुतल्या, प्यायच्या पाण्याचे नळ अपुरे पडले. म्हणून सांगते, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी "दोन पास उरलेत, अर्ध्या किमतीत" म्हणालं, तर ते घेऊ नका.

आता सासूबाईंचं. त्यांचं बोलणं मला हसण्यावारी न्यायचं नाही. त्यांनी जत्रा पाहिल्यात. अमळनेरच्या माणसाला सखाराम महाराजांच्या यात्रेची गर्दी काय सांगायची? वैशाखात बोरी नदीच्या वाळवंटात पाळणे लागतात, रथाला माणूस मावत नाही, तरी आपल्याला गुदमरल्यासारखं होत नाही. का? नदीच्या पात्राला कुंपण नसतं. कंटाळा आला, जीव घाबरला, तर चार पावलं टाकली की माणूस काठावर येतो. यात्रा बरेच दिवस चालते, त्यामुळे सगळं गाव एकाच रात्री तिथे येत नाही. आमच्या जळगावात कार्तिकी एकादशीला रामाचा रथ निघतो, तेव्हा मोगरी, म्हणजे चाकाखालचं लाकूड, लावणारे चाकाशी असतात. रथ कुठे थांबेल, कुठे वळेल हे त्यांना ठाऊक असतं आणि गर्दी त्यांच्या हाकेवर मागे सरते. थीम पार्कला चारी बाजूंनी भिंत, एकदोनच गेट, आणि आतषबाजीला सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला. म्हणून तेवढीच माणसं तिथे जास्त जाचतात.

पण सासूबाईंच्या म्हणण्यातलं एक मला पटत नाही. "पैसे देऊन गर्दी घेतली" हे खरं नाही. तुम्ही पैसे देऊन मोकळी जागा घेतली होती आणि ती तुम्हाला मिळाली नाही. यात्रेत आपल्याला कुणी कसला शब्द दिलेला नसतो. इथे छापून शब्द दिला होता. त्या रात्रीच्या सगळ्या मनस्तापात ही एक गोष्ट धरून ठेवा, कारण पुढची तक्रार हिच्यावरच उभी राहणार आहे.

आणि जत्रेतली गर्दी नेहमीच मायाळू असते असंही नाही. वाईजवळच्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ला अरुंद वाटेवर चेंगराचेंगरी झाली, २९० हून अधिक माणसं गेली. आपल्या शेजारच्या गुजरातेत, राजकोटला, २५ मे २०२४ला गेम झोनमध्ये आग लागली आणि २७ जणांचा जीव गेला. मुलांच्या सुट्टीतला शनिवार, सवलतीचं तिकीट, आत पोरांची झुंबड, आणि अग्निशमन खात्याची परवानगीच नव्हती. हे तुम्हाला घाबरवायला लिहीत नाही. सासूबाई रेलिंगला दाबल्या गेल्या हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, म्हणून लिहिते. जेवण संपणं ही गैरसोय झाली. माणूस रेलिंगला दाबला जाणं हे त्यापलीकडचं आहे. छाती अजून दुखत असेल, तर घरगुती शेकण्यावर ठेवू नका. डॉक्टरांना दाखवा, बरगडीचा फोटो काढायला सांगतील तर काढा, आणि तो कागद जपा.

गर्दी किती झाली की धोका, याचा ढोबळ अंदाज सांगते. सव्वातीन फूट लांब, सव्वातीन फूट रुंद असा चौकोन डोळ्यांसमोर आणा, साधारण एक चौरस मीटर. त्यात तीन-चार माणसं असली तर अडचण होते, पण आपण आपल्या मर्जीने हलतो. पाचच्या पुढे गेलं की सावध व्हायचं. सहा-सात झाली की पाय आपले राहत नाहीत, गर्दी नेईल तिकडे माणूस जातो. चारी बाजूंनी खांदे लागले आणि हात वर करता येईना, की समजायचं, आतषबाजी राहू दे, आता निघायचं. निघताना थेट गर्दीच्या विरुद्ध जायचं नाही. लोंढा जरा थांबतो तेव्हा तिरकं तिरकं कडेला सरकायचं. दोन्ही हात छातीपुढे, कोपरं किंचित बाहेर, म्हणजे श्वासाला जागा राहते. भिंत आणि रेलिंग टाळायची. पायातली चप्पल सुटली, तर ती सोडून द्यायची. आजी आणि लहान मूल यांना मुळात स्टेजच्या समोर न्यायचंच नाही. बाजूने, मागून, जिथून बाहेरची वाट दिसते अशा ठिकाणी उभं राहायचं. कार्यक्रम संपला की सगळे एकदम गेटकडे धावतात. तेव्हा अर्धा तास बसून राहिलेलं उत्तम.

मुलगी हरवली होती, त्याबद्दल मी स्वतःच्या अनुभवाने बोलते. माझा धाकटा चार वर्षांचा असताना सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांच्या बाजारात माझ्या हातातून सुटला. मी वेड्यासारखी दत्ताच्या देवळापर्यंत पळत गेले. तो एका जिलेबीवाल्याजवळ बसला होता आणि माइकवरून त्याच्या शर्टाचा रंग ओरडून सांगत होते. त्याला स्वतःचं नाव सांगता येत होतं, माझा नंबर येत नव्हता. त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला. बाहेर पडताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो मोबाइलवर काढायचा. मनगटाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने फोन नंबर लिहायचा. आत शिरल्या शिरल्या एक जागा सगळ्यांनी मिळून पाहून ठेवायची, गेटजवळचा एखादा पुतळा, कारंजं, काहीही. हरवलास तर शोधत फिरू नको, जिथे आहेस तिथेच उभा राहा, आणि पार्कचा गणवेश घातलेल्या माणसाला किंवा लेकरू बरोबर असलेल्या बाईला सांग, एवढं मुलाच्या अंगवळणी पाडायचं. तुमची मुलगी पहिलीत आहे, ती हे सगळं शिकू शकते. मोबाइलला गर्दीत रेंज नसते, त्यावर भिस्त ठेवू नका. मूल लगेच सापडलं नाही, तर ११२ वर फोन करायला लाजायचं नाही. मुलांसाठीचा १०९८ हा नंबरही चालू असतो.

पैशांकडे येते.

पुरे ११,००० परत मिळतील अशी आशा मी तुम्हाला लावणार नाही. नुसतं "गर्दी फार होती" म्हटलं, तर पार्क म्हणेल, सणाची रात्र होती, गर्दी असणारच. तुमचा जोर "मर्यादित तिकिटं" या दोन शब्दांवर हवा. ती जाहिरात मोबाइलवर असेल, तर आजच स्क्रीनशॉट काढा, काही दिवसांनी ती दिसेनाशी होते. तिकिटं, पैसे भरल्याची नोंद, त्या रात्रीचे फोटो (फोटोवर वेळ असते, ते महत्त्वाचं), रेल्वेची तिकिटं, डॉक्टरांचा कागद, सगळं एका फाइलीत लावा.

मग पार्कला ईमेलने लेखी तक्रार करा. भाषा साधी, रागाची नको. त्यात तीन प्रश्न विचारा. त्या रात्रीसाठी एकूण किती तिकिटं विकली? पार्कची एका वेळची मंजूर क्षमता किती? दिवसाचे लोक बाहेर काढल्यावरच रात्रीचे आत घेतले का? उत्तराला पंधरा दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा गुळमुळीत आलं, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. ती फुकट असते आणि मराठीतही बोलता येतं. काही प्रकरणं तिथेच मिटतात. कंपनी थोडे पैसे किंवा दुसऱ्या दिवसाची तिकिटं देऊ करते.

तिथे मिटलं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. इथे आपल्याकडच्या लोकांची मोठी गैरसमजूत असते. पार्क दूरच्या जिल्ह्यात, म्हणजे खटला तिकडे, मग कोण हेलपाटे घालणार, असं म्हणून लोक सोडून देतात. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याने हे बदललं. तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगात तक्रार करता येते. म्हणजे तुम्ही जळगावातच करू शकता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावरून तक्रार घरबसल्या भरता येते, आणि व्हिडिओवरून सुनावणी मागायची सोयही कायद्यात आहे. घटना घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. "सेवेतील त्रुटी" आणि "दिशाभूल करणारी जाहिरात" या दोन मुद्द्यांवर तक्रार लिहा. तिकिटामागे बारीक अक्षरात "पैसे परत मिळणार नाहीत" असं असेलच. ते वाचून गळून जाऊ नका. ती ओळ असली, तरी दिलेला शब्द मोडायची मुभा त्यांना मिळत नाही. मात्र ती अटच अन्यायकारक आहे असा वाद घालायला गेलात, तर ते प्रकरण राज्य आयोगाकडे जातं. त्या वाटेला जाऊ नका.

वेळ लागेल. वर्षही जाईल, कदाचित जास्त. मी लोकांना असे अर्ज लिहून देत आलेय, म्हणून सांगते, निम्मे जण दुसऱ्या तारखेला कंटाळतात. तुम्ही ठरवताना पैशांपेक्षा त्या तीन प्रश्नांकडे बघा. पार्कला तिकिटांचा आकडा आयोगापुढे कागदावर द्यावा लागला, तर पुढच्या ३१ डिसेंबरला तिकिटं विकताना कुणीतरी दोनदा विचार करेल. तुमच्या मुलीचा हात सुटला तशी अजून किती पोरं त्या रात्री हरवली असतील, आपल्याला माहीत नाही. तुम्हाला अर्ज लिहायला अडचण वाटली, तर कागद मला पाठवा, मी बघून देईन.

पुन्हा जावं का? जावं. मुलाची हौस काही गुन्हा नव्हती. फक्त ३१ डिसेंबर, नाताळचा आठवडा, दिवाळीची सुट्टी, २६ जानेवारीला जोडून आलेला शनिवार-रविवार, हे सोडा. शाळा चालू असतानाचा साधा मंगळवार किंवा बुधवार धरा, जानेवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातला असला तर उत्तम. हवा बरी असते आणि संक्रांत झाली की माणसं आपापल्या कामाला लागलेली असतात. शाळेचे दोन दिवस बुडतील. बुडू द्या, मुख्याध्यापकांना खरं कारण लिहून द्या. साधं तिकीट खास रात्रीपेक्षा स्वस्त असतं आणि राइड त्याच. जायच्या आधी फोन करून विचारा, त्या दिवशी शाळांच्या सहली किती आहेत, कुठल्या राइड दुरुस्तीला बंद आहेत. गेट उघडायच्या अर्धा तास आधी पोचा. सगळे लोक गेटजवळच्या पहिल्या राइडला थांबतात, तुम्ही सरळ आतल्या टोकापर्यंत जा आणि तिथून उलटे या. जेवणही बाराच्या आधी उरका, कारण दीडला काउंटरवर तीच रांग असते. सासूबाईंना यायचं असेल तर जरूर न्या, पण त्यांना एक सावलीची जागा आणि दशम्यांचा डबा द्या. बाहेरचं खाणं आत चालतं का, ते आधी विचारून घ्या. नसेल चालत, तर गाडीतच पोटभर खाऊन घ्या.

आणि ती वही. कपाटातून काढा. चौदा राइडची यादी, त्यातल्या दोनच झालेल्या. ताई, तुमच्या तक्रारीला जोडायला याच्याइतका बोलका कागद तुमच्याकडे दुसरा नाही. जायच्या आधी काय अपेक्षा होती आणि हातात काय आलं, हे त्यात मुलाच्या अक्षरात आहे. यजमान गणित समजावतील तेव्हाच त्याला सांगा की प्रत्येक राइडपुढे लिही, झाली की नाही, रांगेत किती वेळ गेला, जेवढं आठवतं तेवढं. खाली तारीख घालायला सांगा. बाजारपेठेत त्या पानाची झेरॉक्स काढा, झेरॉक्स फाइलीत लावा आणि वही त्याला परत द्या. उरलेल्या बारा राइडसाठी ती लागणार आहे.